रविवारची नदी: खिशातून किती जातात, गावात किती राहतात

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी बदलापूर स्टेशनवर उतरणाऱ्या सहलकऱ्यांच्या पिशव्या बघितल्या, तर त्यांत सगळं घरूनच आलेलं असतं. वेफर्सची पाकिटं, थंड पेयांच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या, डब्यातला पुलाव, थर्माकोलच्या पत्रावळी. संध्याकाळी माणसं परततात, नदीकाठच्या वाडीत कचरा राहतो आणि पैसा फारसा राहत नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते. ती बदलायला सरकारी योजनेची वाट बघायची गरज नाही, खर्च करणाऱ्यानेच थोडं वेगळं ठरवलं तरी बराच फरक पडतो. म्हणून हा हिशेब. चौघांच्या कुटुंबाला उल्हास, बारवी किंवा कोंडेश्वरच्या ओढ्याकाठी एक दिवस घालवायला काय लागतं, त्यातलं स्थानिक माणसाच्या हातात किती पडतं, आणि कुठे पैसे वाचवावेत, कुठे अजिबात वाचवू नयेत.

रिक्षा, जेवण, मुक्काम यांचे इथले आकडे म्हणजे ठरलेलं दरपत्रक नव्हे. बजेट मांडताना धरून चालायचे ते ढोबळ आकडे आहेत. हंगाम, वार आणि घासाघीस यांनी ते खालीवर होतात. निघण्याआधी एक फोन करून विचारावं.

आधी तारीख, मग पैसे

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बंदीच्या दिवशी जाणं. धबधबे, धरणं आणि नदीपात्रं यांच्या परिसरात ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात मनाई आदेश निघतात. खोल पाण्यात उतरणं, धबधब्याखाली बसणं, धोक्याच्या कड्यावर सेल्फी काढणं, दारू नेणं, रस्त्यात गाडी लावणं असं बरंच काही त्यात येतं. पूर्वी हे आदेश कलम 144 खाली निघत. जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो. त्यात साध्या प्रकरणात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, आणि कोणाच्या जिवाला धोका झाला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याशिवाय नाक्यावरून परत फिरवलं, तर रिक्षाचे दोन्ही वेळचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून शुक्रवारी स्थानिक वर्तमानपत्र बघावं किंवा पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. माझा सल्ला असा की जुलै-ऑगस्टचा हट्ट सोडावा आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत जावं. तोवर ओढे निवळलेले असतात, भात पिवळं पडायला लागतं, गर्दी ओसरते आणि रिक्षावाला भावाच्या बाबतीत ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. उन्हाळ्यात ओढे आटतात, पण उल्हास वाहत असते, आणि त्यामागे एक कारण आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीज केंद्रातून खाली उतरतं आणि पुढे उल्हासला मिळतं. हे केंद्र 1922 पासून चालू आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी एरवी मे महिन्यात डबक्यांची रांग झाली असती. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांच्या नळाला उन्हाळ्यात पाणी येतं, त्यात या शंभर वर्षांच्या विजेचा मोठा वाटा आहे.

जाणं-येणं

लोकलसारखा स्वस्त पर्याय दुसरा नाही. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून 68 किलोमीटर, अंबरनाथ 60, उल्हासनगर 58. ठाण्याहून बदलापूरला साध्या डब्याने जाऊन-येऊन माणशी तीसेक रुपये धरा. एसी लोकल कितीतरी पटीने महाग पडते, आणि रविवारी सकाळी कर्जतच्या दिशेने साध्या डब्यातही बसायला जागा मिळते.

स्टेशनपासून पुढे खरा खर्च. कोंडेश्वर पूर्वेकडून, वाटेत भोज धरण लागतं. बारवी पश्चिमेकडून, मुळगावच्या खंडोबाच्या टेकडीवरून पुढे. कोंडेश्वरला रिक्षा स्पेशल केली तर जाऊन-येऊन सातशे रुपये धरून चला. परतीची वेळ आणि ठिकाण आधीच ठरवा आणि चालकाचा नंबर घ्या. तिकडे रेंज जाते, आणि अंधार पडल्यावर रिक्षा शोधणाऱ्याला मागतील तो भाव द्यावा लागतो. बारवीच्या बाजूला मुरबाडकडे जाणारी एसटी मिळाली तर ती घ्या. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

स्वतःची गाडी काढली तर मुंबईच्या उपनगरांतून जाऊन-येऊन साधारण 120 किलोमीटर. लिटरला पंधराची सरासरी धरली तर आठ लिटर पेट्रोल, म्हणजे आठशेच्या वर. हा सगळा पैसा पंपावर जातो. गाडी नेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर न्यावीच. पण मग गाडी रस्त्याच्या कडेला न लावता शेतकऱ्याच्या अंगणात पन्नास रुपये देऊन लावावी. गाडी सुरक्षित राहते, आणि रुग्णवाहिका आली तर तिला वाट मिळते.

दोन कुटुंबं, दोन हिशेब

दोन कुटुंबं समजा, दोन्हींत चार माणसं. पहिलं गाडीने आलं. पेट्रोल 830, घराजवळच्या मॉलमधून घेतलेला खाऊ आणि पाणी 420, परतताना महामार्गावरच्या हॉटेलात जेवण 1,600. नदीकाठी फक्त गाडी लावायचे 50 आणि चार कणसांचे 120. एकूण 3,020 रुपये. त्यातले वाडीत उतरले 170, म्हणजे शंभरातले सहासुद्धा नाहीत.

दुसरं कुटुंब ठाण्याहून लोकलने आलं. तिकिटं 120, रिक्षा 700, वाडीतल्या एका घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं जेवण माणशी दोनशेप्रमाणे 800, कणसं 120, काकड्या 60, जांभळं किंवा हंगामाचं दुसरं फळ 150. एकूण 1,950. त्यातले 1,830 रुपये बदलापूर आणि आसपासच्या माणसांच्या हातात पडले. रिक्षाचा गॅस, तांदूळ, तेल यांचे पैसे पुढे बाहेर जातात हे खरं, पण मजुरी आणि नफा गावात राहतो. म्हणजे दुसऱ्या कुटुंबाने हजार रुपये कमी खर्च करून गावाला दहापट दिलं. जेवणही गरम मिळालं.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पर्यटकाने खर्च केलेला रुपया त्या जागेत न थांबता बाहेर निघून जातो तो. एखाद्या नदीवर किती लोक आले हा आकडा सांगून गावाचा फायदा झाला असं कोणी म्हटलं, तर त्याला पहिला प्रश्न गळतीचा विचारावा.

कणसाचंच उदाहरण घ्या. कोंडेश्वरच्या रस्त्याला निळ्या ताडपत्रीखाली बसणाऱ्या एक मावशी शेगडीजवळ कणसांचा ढीग लावतात, पण एका वेळी चारच सोलतात. सोललेलं कणीस दमट हवेत लवकर सुकतं आणि मग विकलं जात नाही. सगळी सालं काढत नाहीत, देठाकडची ठेवतात, गिऱ्हाइकाला धरायला होतात. निखारा मंद झाला की पुठ्ठ्याने वारा घालतात, आणि लिंबाची अर्धी फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर दाबत दाबत फिरवतात. त्यांचा हिशेब त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितला होता: कल्याणच्या बाजारातून कणीस बारा-पंधराला पडतं, त्यावर टेम्पोचं भाडं, कोळसा, लिंबू, आणि पोलिसांनी रस्ता बंद केला त्या दिवशी उरलेला माल. तीस रुपयांच्या कणसात दहा रुपये सुटले तर दिवस बरा. पाच रुपये कमी करा म्हणणारा माणूस त्यांच्या कमाईचा निम्मा भाग मागत असतो. इथे घासाघीस करू नका, एवढंच माझं सांगणं आहे. रिक्षाला करा, फार्महाऊसला जरूर करा.

खायचं काय

वाडीतल्या घरी जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी आणि भात मिळतो. शाकाहारींनी पावसाच्या सुरुवातीला गेल्यास रानभाज्या मागाव्यात: शेवळं, टाकळा, भारंगी, कुलू, आणि जरा उशिरा कंटोळी. ठाकूर आणि कातकरी बायका या भाज्या पहाटे रानातून खुडून आणतात आणि स्टेशनबाहेर वाटे लावून विकतात. शहरातल्या मंडईत त्याच भाजीचे दुप्पट पैसे द्याल. नदीतल्या चिंबोऱ्या काठीला बांधून घेऊन बसलेली मुलंही दिसतात. घ्यायच्या असतील तर तिथेच कोणाकडून तरी साफ करून घ्या.

बदलापूरचं जांभूळ मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मिळतं. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नदीवर पोहायला म्हणून नाही, तर जांभळासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक फेरी करावी असं मी आवर्जून सांगेन. त्या दिवसांत मनाई आदेशही बहुधा लागू झालेले नसतात.

उल्हासनगर वाटेतच आहे, तिथेही थोडे पैसे शहाणपणाने खर्च होतात. न्याहारीला दाल-पकवान, आणि गजानन मार्केट किंवा जपानी बाजारात पावसाळी कपडे, प्लॅस्टिकचे बूट, झटकन वाळणाऱ्या हाफ पँटी मुंबईपेक्षा कमी भावात मिळतात. ओल्या खडकावर साधी चप्पल घालून जाऊ नका. चांगल्या पकडीच्या बुटांवरचे तीनशे-चारशे रुपये पाय मोडल्यावरच्या एक्स-रेपेक्षा स्वस्त आहेत.

पाण्याची बाटली छापील किमतीलाच घ्यावी. टपरीवाल्याला किंवा दुकानदाराला त्याहून जास्त घेता येत नाही. बसवून वाढणाऱ्या हॉटेलचं वेगळं आहे: सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना जास्त घ्यायला मुभा दिली आहे. बिलात आपोआप लावलेलं सेवाशुल्क मात्र सक्तीचं नसतं. तसं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. ‘काढून टाका’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

मुक्काम आणि फार्महाऊस

बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात ‘रिव्हर टच’ असं लिहिलेली फार्महाऊसं पुष्कळ. दिवसाचं पॅकेज, म्हणजे न्याहारी, जेवण, चहा आणि पोहण्याचा तलाव, माणशी आठशे ते दीड हजार धरा. पूर्ण बंगला शनिवार-रविवारी एका रात्रीला आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातो, तोच मंगळवार-बुधवारी बराच उतरतो. दहा-बारा जण असाल तर बंगला, चौघे असाल तर खोली किंवा वाडीतलं घर.

खोलीच्या भाड्यावरचा कर नीट बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो 12 टक्के होता. 7,500च्या वर 18 टक्के. अजूनही जुन्या दराने आकारणी कोणी करत असेल तर छापील बिल मागा. बिल देतच नसेल आणि ‘टॅक्स’ मात्र घेत असेल, तर तो कर नाही, तुमच्या खिशातून घेतलेले जादा पैसे आहेत.

समाजमाध्यमांवरून होणाऱ्या बुकिंगमध्ये फसवणूक फार होते. दुसऱ्याच बंगल्याचे फोटो टाकायचे, ‘आजच भरा, उद्या भाव वाढेल’ म्हणून पूर्ण रक्कम उकळायची आणि फोन बंद करायचा. म्हणून व्हिडिओ कॉल करून जागा आणि नदीपर्यंतची वाट प्रत्यक्ष दाखवायला सांगा. पंचवीस टक्क्यांहून जास्त आगाऊ देऊ नका. पावसामुळे रस्ता किंवा परिसर बंद झाला तर पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे लेखी घ्या. या पट्ट्यात ही शक्यता खरीच असते. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ अडकली आणि हजारांहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले, ते याच नदीचं पाणी. पावसाळ्यात ‘रिव्हर टच’ जागा घेताना हे लक्षात ठेवा.

तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.

इथे काटकसर नको

कोंडेश्वरच्या कुंडाने किती घरं उजाड केली, हे बदलापुरात कोणालाही विचारा. वरून पाणी शांत दिसतं, तळाशी कपारी आणि भोवरे. घाटात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच खडकावर उभे होते. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडा आणि चढाच्या बाजूला निघा.

मुलांसाठी लाइफ जॅकेट विकत घेतलं तर हजार-दीड हजारात येतं आणि पुढे अनेक वर्षं वापरता येतं. पंधरा-वीस मीटर जाड दोर तीनशे-चारशेत मिळतो. दोन्ही गोष्टी गटात एकदाच घ्याव्यात आणि घरांमध्ये फिरवाव्यात. संकटात 112, रुग्णवाहिकेला 108.

अपघात झाला की पाण्यात पहिली उडी गावातल्या पोहणाऱ्या तरुणाची असते. अग्निशमन दल आणि बचाव पथक नंतर पोचतात. या तरुणाला ना मानधन, ना विमा. नदीवरच्या मौजेचा हा खर्च कुठल्याच सहलीच्या हिशेबात येत नाही, आणि तो वाडीतली घरं उचलतात. सरसकट बंदी घातली की कणसं विकणाऱ्या मावशींचा हंगाम जातो, बंदी उठली की त्यांच्याच पोराला प्रेतं शोधायला उतरावं लागतं. दोन्ही बाजूंनी नुकसान त्यांचंच.

माझ्या मते यावर उपाय आहे. रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर स्थानिक वाटाड्या घेऊन जाण्याची पद्धत रुजली आहे. वाटाड्याचे पैसे गावात राहतात, आणि कुठे उतरायचं नाही हे जाणणारा माणूस बरोबर असतो. कोंडेश्वरलाही माणशी तीस रुपये घेतले आणि त्यातून प्रशिक्षित स्थानिक जीवरक्षक, दोर, जॅकेटं आणि कचऱ्याची गाडी ठेवली, तर येणारा माणूस ते आनंदाने देईल. रविवारी पाचशे माणसं आली तर पंधरा हजार रुपये होतात. त्यात दिवसाला हजार रुपयांप्रमाणे आठ जीवरक्षक ठेवूनही सात हजार उरतात. हे शुल्क सुरू झालं तर ते वाचवायला आडवाटेने जाऊ नका, पावती मागून घ्या.

ज्या नदीवर सहल होत नाही

अंबरनाथचं शिवमंदिर बघायला पैसे लागत नाहीत. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे मंदिर वालधुनीच्या काठी आहे. भिंतींवरचं कोरीवकाम बघत दोन तास सहज जातात. नदीकडे मात्र पाठ करूनच उभं राहावं लागतं.

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळे गावाकडून येते. तिथे रेल्वेचा जुना जीआयपी तलाव आहे. इंजिनांसाठी बांधलेल्या या तलावाचं पाणी आजही इतकं चांगलं आहे की त्यावर रेल्वेचा ‘रेल नीर’ बाटलीबंद पाण्याचा प्रकल्प चालतो. एक लिटरची बाटली फलाटावर 14 रुपयांना मिळते. त्याच खोऱ्यात काही किलोमीटर खाली, अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि उल्हासनगरच्या वस्त्या ओलांडल्यावर, पाण्यात हात घालायची हिंमत होत नाही. कारखान्यांचं सांडपाणी, जीन्स धुण्या-रंगवण्याचं पाणी आणि प्रक्रिया न केलेला मैला तिच्यात येत राहिला. 2014च्या नोव्हेंबरात टँकरने वालधुनीत ओतलेल्या रसायनामुळे उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वास घेणं अवघड झालं आणि रुग्णालयं भरली. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाचा विषय हरित लवादापुढे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, त्याला आता दशकाहून जास्त काळ झाला.

8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली, तेव्हा सिंधहून सगळं सोडून आलेल्या कुटुंबांच्या दाराशी दोन नद्या होत्या. आज तिथल्या कुटुंबाला पोराबाळांना पाण्याकाठी न्यायचं तर रिक्षा आणि लोकल करून वरच्या अंगाला जावं लागतं. हा घराघरातून जाणारा खर्च आहे, आणि तो नदी मेल्यामुळे होतो. उल्हासही खाली आली की त्याच वाटेने जाते: मोहने, कांबा, रायते या भागात जलपर्णीने पात्र झाकलं जातं, मासेमारी थांबते, काठावरच्या ढाब्यांना नदीचा उपयोग उरत नाही.

नदीची किंमत कशी काढतात? हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1947 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून एक साधी वाट सुचवली. उद्यानाला तिकीट नसलं तरी लोक तिथवर यायला पैसे आणि वेळ घालवतात. कोण किती लांबून, किती खर्च करून, किती वेळा येतो हे मोजलं की त्या जागेला लोक किती मोल देतात ते कळतं. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी ही पद्धत वापरात आणली, आणि आज ती प्रवास-खर्च पद्धत म्हणून जगभर वापरली जाते. तिन्ही नगरपालिका-महापालिकांनी एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांकडून चार रविवार ही मोजणी करून घ्यावी, अशी माझी मागणी आहे. स्टेशनबाहेर दोन मिनिटांची प्रश्नावली पुरे: कुठून आलात, किती खर्च झाला, कुठे झाला, नदी स्वच्छ असती तर आणखी किती वेळा आला असता. सांडपाणी प्रकल्पावरच्या खर्चाची चर्चा होते तेव्हा दुसऱ्या पारड्यात टाकायला हा आकडा लागतो, आणि आज तो कोणाकडे नाही.

साफसफाई उशिरा केली की काय पडतं, ते पॅरिसने दाखवलं. सेन नदीत 1923 पासून पोहायला बंदी होती. सुमारे 1.4 अब्ज युरो खर्चून जुलै 2025 मध्ये ती लोकांसाठी पुन्हा उघडली. काकोळ्याच्या अंगाला वालधुनी अजून जिवंत आहे, एवढी संधी आपल्याकडे आहे.

पाण्यात खेळायचंच असेल तर

लाटांवर स्वार व्हायचं असेल तर बदलापूरच्या ओढ्यात जिवाशी खेळू नका, पैसे साठवून कोलाडला जा. कुंडलिकेवरच्या राफ्टिंगला माणशी बाराशे ते दोन हजार धरा, प्रवास वेगळा. तिथलं पाणी पावसाचं नाही. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीज केंद्रातून सकाळी सुटतं, त्यावर बारमाही राफ्टिंग चालतं, आणि आजूबाजूच्या गावांतले तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. भिवपुरीचं पाणी आपल्या उल्हासला वाहतं ठेवतं तसंच हे, फक्त तिथे सुटण्याच्या वेळेभोवती गावाने रोजगार उभा केला. जाण्याआधी संस्थेची पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का ते विचारा. राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणाने ती आवश्यक केली आहे. जॅकेटची छातीवरची पट्टी ओढून बघा, हेल्मेट डोक्यावर हलतं का बघा.

वाडीतल्या वाचकांसाठी

घरी जेवण देणाऱ्यांनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी करून घ्यावी. नसेल तर तक्रार झाल्यावर सगळं थांबतं. बचत गटाच्या नावाने काम केलं तर भांडी, ताडपत्री, गॅस यांना कर्ज मिळणं सोपं जातं. शेतजमीन असेल तर 2020च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आणि त्यात आठ खोल्यांपर्यंत मुभा आहे. भाव पाटीवर लिहून लावा. शहरातला माणूस भाव विचारायला लाजतो आणि न विचारताच पुढे जातो. क्यूआर कोडबरोबर सुटे पैसेही ठेवा, कारण रेंज नसते.

येणाऱ्यांनी पिशवीत दोनशे-तीनशे रुपये सुट्या नोटांत ठेवावेत त्याच कारणाने. एक मोठी रिकामी पिशवी कचऱ्यासाठी, आणि ती स्टेशनपर्यंत परत आणायची. कोंडेश्वरच्या झाडाखाली ठेवून यायची नाही, तिथून ती उचलायला कोणी येत नाही.

आणि पार्किंगची जागा, शुल्क, जीवरक्षक, कचरा यांबद्दल काही ठरायचं असेल तर ते ग्रामसभेत ठरतं. वनजमीन असेल तर वन व्यवस्थापन समितीला बरोबर घ्यावं लागतं. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. पावसाळ्याच्या आधी हाती राहते ती 1 मेची. सभेत मत गावकऱ्यांचंच चालतं, पण आलेल्या सहलकऱ्यांनी आपल्याला काय सोयी हव्यात आणि त्यासाठी किती पैसे द्यायची तयारी आहे, हे सरपंचांना एका कागदावर लिहून एप्रिलमध्ये पाठवलं, तर ठराव मांडणाऱ्याच्या हातात ते पत्र असेल.